कामठीचा जवाब

बाबा,

तुम्ही कसे आहात? तुमच्या डाव्या कानात गिरणीचा आवाज अजून घुमतो, की तिकडे गेल्यावर तो थांबला? मायचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, तिथे तरी खाली बसून भाकरी थापू नको, उंच ओटा मागून घे. धाकटा बरा आहे ना? तापात गेला तेव्हा माझ्या कमरेला लागत होता. अजून तेवढाच आहे की तुमच्या खांद्याला आला, हे मला कोणी सांगितलं नाही. ढोलकीवाल्या काकांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, ते थांबलं का? इकडे शेवटी त्यांना स्वतःचा हात दिसत नव्हता, पण थाप कधी चुकली नाही.

आणि बाबा, कामठीचे शाहीर पोचले का? ह्याच श्रावणात निघाले ते. तुम्ही दोघं भेटल्याबरोबर भांडायला बसला असाल, तुमच्याकडून दुसरं काय व्हायचं, पण आधी त्यांना थोडा दम खाऊ द्या. शेवटी त्यांचा खोकला फार वाढला होता. भिंतीला टेकल्याशिवाय बसवत नव्हतं, तेव्हा भिंतीकडची जागा त्यांना सोडा. कोमट पाणी विचारा. ते स्वतःहून मागायचे नाहीत. हे सगळं त्यांच्या मंडळींनी मला सांगितलं, मी जाऊन बसून ऐकलं. आजचं पत्र त्यांच्यासाठीच आहे म्हणा ना. तुमच्या पत्त्यावर लिहिते, कारण त्यांना परस्पर लिहायला भीड वाटते.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे. पण बाबा, ठीक नाही. माझा जीव चुलीवरच्या दुधासारखा झाला आहे. जरा नजर हलली की वर येतो. उद्या पोळा, परवा मारबतीची मिरवणूक निघेल, आणि समोरच्या खोलीत सुतळीने बांधलेली खोकी पडली आहेत. त्यांत तुमच्या पणतूच्या कॅसेटी आहेत, त्याची पहिली कॅसेट. सुतळी सोडायची की नाही ते कामठीहून कळायचं आहे. निरोपाची वाट पाहत तो ओट्यावर बसला आहे आणि मी आत. दोघंही एकमेकांना काम करत असल्याचं दाखवतो. तो एकच स्क्रू पुसतो आहे, मी एकच ताट तिसऱ्यांदा विसळलं.

कॅसेट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा गाणं म्हणजे रेडिओवरचं, नाहीतर लग्नातल्या कर्ण्यावरचं. आता काडेपेटीहून थोडी मोठी चपटी डबी निघाली आहे, तिच्या पोटात तपकिरी फीत असते. बोललेलं तिच्यात राहतं. तिला दोन बाजू असतात. एक संपली की काढायची, पालथी करायची, की दुसरी सुरू. तुमचा पणतू, म्हणजे माझ्या मोठीचा मुलगा, सीताबर्डीला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. तुम्ही गेलात तेव्हा त्याची आई परकरात होती. आता त्याला मिसरूड आलं आहे. गळा त्याला नाही, हे आधीच सांगते. आरतीत उभा राहिला तर शेजारची बाई टाळी थांबवून पाहते. पण जीभ तुमची आहे. शब्द तोंडातून असे निघतात, जसे भट्टीत चणे फुटतात.

एकदा आखातातून आलेल्या कोणाचा टेप दुरुस्तीला आला होता, त्यात एक कॅसेट राहून गेली. ती त्याने घरी आणली. अमेरिकेतल्या काळ्या पोरांचा आवाज होता. म्हणाला, "आजी, ऐक. हे गाऊन नाही राहिले, बोलून राहिले. पन ठेका नाही सोडत." मी तांदूळ निवडत होते. मला एक अक्षर कळलं नाही, पण सूप हातातच राहिलं. म्हटलं, हे तर भांडून राहिले. तो हसायला लागला. "तुले इंग्रजी कधीपासून समजते वं?" मी म्हटलं, "भांडन समजाले इंग्रजी कायले लागते? एक जन सवाल टाकून राहिला अन् दुसरा मागं उभा राहून आपल्या पाळीची वाट पाहून राहिला. हा झगडाच होय, बाप्पा. तुह्या पनज्याचा." तेव्हा त्याने खुंटीवरचा तुमचा डफ काढला. इतक्या वर्षांत मी त्याला फक्त धूळ पुसायला हात लावला होता.

मग मला त्याला सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता आपलं जुनं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. तुम्ही गिरणीच्या पाळीवरून आला आहात. केसांत कापूस आहे. माय भाकऱ्या थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून डफ चुलीपुढे धरून तापवता आहात. आपलं घर तुऱ्याचं, कामठीचं कलगीचं. तुरेवाले शिवाची बाजू घेतात, कलगीवाले शक्तीची. फडात एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. पण फडाच्या आधी सवाल घासून पाहायला समोर कोणीतरी लागतो. ढोलकीवाल्या काकांना वाजवता येत होतं, बोलता येत नव्हतं. धाकटा लहान. तुम्ही मला म्हणालात, "बस वं इकडं. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे. शक्ती म्हनजे बाई. मंग कामठीचा जवाब घरातल्या पोरीनंच देल्ला पाह्यजे." माय म्हणाली, पोरीच्या जातीला कशाला हे. तुम्ही म्हणालात, फडात कुठे पाठवून राहिलो, चुलीपुढं तर बसून राहिली.

अशी मी कामठीचे शाहीर झाले. ओवीला जातं लागतं, मला तुमचा सवाल लागायचा. सुताच्या गठ्ठ्यांवरचे छापे पाहून पाहून मी अक्षरं आपल्या आपण शिकले होते, पण ते जवाब मी कधी लिहिले नाहीत. तिथल्या तिथे सुचायचे आणि चुलीच्या धुरात जायचे. खऱ्या कामठीच्या शाहिरांना मी एकदाच पाहिलं होतं, बायकांच्या घोळक्यातून, लांबून. पण त्यांची लकब लगेच जिभेवर बसली. जवाब देण्याआधी ते खोकायचे. खोकला नव्हताच तेव्हा, नुसती सवय. घसा दोनदा खाकरायचा, मान तिरकी करायची, म्हणायचं "हं, आता ऐक," आणि मग घाव. मीही तसंच करायची, आणि माय तोंडाला पदर लावायची.

एकदा मात्र तुम्ही माझ्यावर संतापलात. आठवतं? मला वाटलं, बाबा दमून आले आहेत, त्यांना जिंकू द्यावं. म्हणून मी कामठीच्या तोंडी अगदी पुचाट जवाब घातला. माय हसली, धाकटा हसला. तुम्ही डफ खाली ठेवलात. तुम्ही डफ खाली ठेवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हणालात, "त्याले लहान नको करू. तो लहान झाला तं माहा सवाल मी कोनाच्या छातीवर ठेवू?" त्या दिवशी तुम्ही अर्धीच भाकरी खाल्ली. तेव्हापासून तुमच्या समोर बसले की माझ्या अंगी असेल नसेल तेवढं मी कामठीला द्यायची. पुष्कळदा तुम्ही हरायचात, आणि हरलात की खूश होऊन मायकडे भाकरीवर आणखी चून मागायचात.

आणि तो दिवस. फडाचं बोलावणं द्यायला ते स्वतः आपल्या दारात आले होते आणि आपल्याला पत्ता नव्हता. मी आत त्यांचाच जवाब देत होते, खाकरण्यासकट. जवाब संपला आणि दारातून कोणीतरी म्हणालं, "जवाब ठेव तुह्यापाशी, पोरी, पन माहा खोकला मले वापस दे." माझं पाणी पाणी झालं. मी मायच्या मागे लपले. तुम्हीसुद्धा लाजलात बाबा, तुमचे कान लाल झाले होते. ते मात्र चुलीपर्यंत आले, पाटावर बसले, आणि मला म्हणाले, पुन्हा म्हण. मी म्हटलं नाही. तेव्हा त्यांनी आपल्या डफाच्या कलगीतला एक रेशमी गोंडा तोडला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, माझ्या बाजूनं बोलते तर माझी निशाणी ठेव. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, ठेव, पण ह्या घरात डफाला कलगी लागायची नाही. मायने तो गोंडा देवाच्या पेटीत ठेवला. लग्नात तिने गुपचूप माझ्या पेटीत घातला.

हे सगळं ऐकून पोरगा उठला आणि सरळ कामठीला गेला. मला विचारलंही नाही. परत आला तो उड्या मारतच. म्हाताऱ्याने त्याला खाटेशी बसवून घेतलं, त्याचे सवाल ऐकले, आणि म्हणाले, "तुह्या पनज्यानंतर मले कोनी धड शिवी नाही देल्ली गा. नुसते पाया पडतात." आणि ठरवून टाकलं, की एका बाजूला ह्याने सवाल टाकायचे, पालथी केली की दुसऱ्या बाजूला त्यांचा जवाब. हा म्हणाला, माझा सवाल जरा कडक आहे. ते म्हणाले, मऊ असता तर तुला दारातूनच घालवला असता. सीताबर्डीचा कॅसेटवाला तयार झाला. त्याने कागदही छापून घेतला: पहिली बाजू नागपूरचा सवाल, दुसरी बाजू कामठीचा जवाब, आणि खाली त्यांचं नाव. मारबतीला सगळं नागपूर रस्त्यावर असतं. काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे पुढे, बडग्यांचे मागे, ज्याला ज्याला जे बोलायचं ते त्या दिवशी बोलून घेतात. कॅसेट त्याच दिवशी काढायची ठरली.

पोराचा सवाल मी तुम्हाला लिहिते. तुम्ही त्याचे मार्क कापाल, मला ठाऊक आहे.

ऊठ ऊठ कामठीच्या म्हाताऱ्या, झोपला काय?
माग चालते बिजलीवर, मंग तुहा हात करते काय?
रोज खटखट, रोज खटखट, धागा जाते, येते,
लुगडं निघते दुनियेसाठी, तुह्या आंगावर काय?

वाईट नाही. फडात असता तर तुम्ही मान हलवली असती. कामठीतल्या हातमागांचे पॉवरलूम झाले, म्हातारे विणकर दारात बसून राहिले, हे तो रोज जाता-येता पाहतो. त्याने मनापासून विचारलं होतं. त्याची बाजू भरून झाली. म्हाताऱ्यांची बाजू भरायचा दिवस ठरला होता, आणि त्या दिवसाच्या आतच ते गेले.

इथपर्यंतचं दुःख आहे बाबा, ते सोसता येतं. पुढचं ऐका. कॅसेटवाला माणूस वाईट नाही, पण त्याला फडाची रीत कुठून माहीत? त्याने जाहिरात म्हणून पहिल्या बाजूची कॅसेट कामठीच्या ऑटोवाल्याला देऊन ठेवली होती. सहा-सात जण दाटीवाटीने बसतात त्या ऑटोत, आणि गाणी लागलेली असतात. म्हातारे गेल्याचं ऑटोवाल्याला माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा अस्थी घेऊन कन्हान नदीवर निघाला तो नेमका त्याच ऑटोत बसला. मांडीवर गाडगं, गाडग्याला बांधलेलं फडकं. आणि समोरून माझ्या नातवाचा आवाज: ऊठ ऊठ कामठीच्या म्हाताऱ्या, झोपला काय. तुह्या आंगावर काय.

मुलगा म्हणे गाडगं दोन्ही हातांनी धरून नदीपर्यंत तसाच बसून राहिला. बोलले ते बाकीचे. संध्याकाळपर्यंत सगळ्या कामठीत झालं, की नागपूरवाले मेल्या माणसाला शिव्या घालून विकून राहिले. कोणी म्हणालं दुकान फोडू, कोणी म्हणालं मारबतीत ह्या पोट्ट्याचाच बडगा करून जाळू. कॅसेटवाला धास्तावून आला. म्हणाला, दुसऱ्या बाजूला भजनं भरू आणि गुपचूप काढू, किंवा काढूच नको. आणि पोरगा? तो जेवेना. डफ खुंटीला उलटा लावला त्याने. मला म्हणाला, "आजी, मी त्याईले ऊठ म्हटलं वं. त्याईनंच म्हटलं होतं कडक टाक म्हनून." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. भरल्या घरात एक माणूस मुकं होणं म्हणजे काय असतं, ते धाकटा गेल्यावर तुमच्याकडे पाहून मी शिकले होते.

मला दोन दिशांनी भीती वाटत होती. एक, पोराची. त्याच्या जिभेला आता जी गाठ बसेल ती पुन्हा सुटायची नाही. दुसरी भीती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. फडात सवाल टाकला आणि जवाबच आला नाही, तर लोक काय म्हणतात? म्हणतात, हरला. बाबा, तुम्ही आणि ते एवढी वर्षं भांडलात, फड संपला की एका पंगतीत वरण-भात आणि आलूवांग्याची भाजी खायला मांडीला मांडी लावून बसलात, आणि तो माणूस असा हरून जाणार? तेही एका कोऱ्या फितीमुळे?

मी कामठीला गेले. एकटीच, बसने, ऑटोत बसायचा धीर झाला नाही. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग चालू होते, पण त्यांच्या घरचा बंद होता, म्हणून घर ओळखायला विचारावं लागलं नाही. मुलगा दारात आला. पन्नाशीचा आहे, डोक्याचे केस काढलेले. मी कोण ते सांगितलं. तो बाजूला झाला, पण बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच म्हटलं, पोराचं चुकलं नाही असं सांगायला मी आले नाही. त्याच्या हातून झालं ते झालं. पण तुमच्या बाबांचा जवाब बाकी आहे. तो म्हणाला, "बाई, जवाब त्याईच्या डोक्यात होता. तयार होता का नव्हता, आमाले का माहीत. तो त्याईच्यासंगंच गेला." मी निघायला वळले.

तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला. म्हातारी खांबाला टेकून बसली होती, मला वाटलं होतं झोपली आहे. ती म्हणाली, नागपूरच्या शाहिरांकडे एक पोट्टी होती म्हणे. ह्यांच्यासारखी खोकलायची. फडावरून आले की हे दर वेळी सांगायचे, मग हसायचे. "ते पोट्टी कुठी असन आता?"

मी मान तिरकी केली आणि दोनदा खाकरले. हं, आता ऐक.

म्हातारीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत, ते मला अजून ठरवता येत नाही. मुलगा आत गेला आणि माझ्यासाठी पाट घेऊन आला. मग दोघांनी मला शाहिरांच्या शेवटच्या दिवसांचं सगळं सांगितलं. भिंत, कोमट पाणी, सगळं. निघताना म्हातारी म्हणाली, तर मग तुम्हीच द्या जवाब. मुलाने मात्र अट घातली, आणि ती बरोबरच होती. म्हणाला, जवाब भरा, पण आधी आमच्याकडे पाठवा. आम्हाला त्यात बाबा ऐकू आले तरच कॅसेट बाहेर काढायची. नाहीतर दोन्ही बाजू पुसायच्या. मी हो म्हणून आले.

घरी आले आणि पोराला उठवलं. म्हटलं, सवाल पुन्हा टाक, समोर बसून टाक. तो घाबरला. म्हणाला, नाही टाकत. मग मी तुमचंच बोलणं त्याला सांगितलं. म्हटलं, "हळू टाकशीन तं मी उठून जाईन. त्याईले लहान नको करू." कॅसेटवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावल्या होत्या, पंखा बंद. मी काचेपलीकडच्या परक्या पुरुषांसमोर बसले होते, ह्या वयात, डोक्यावर पदर, मांडीवर तुमचा डफ. चुलीपुढून उठून मी कधी कुठे बोलले नव्हते. पोराने सवाल टाकला. आधी अडखळला, मग त्याचा ठेका सापडला, आणि शेवटच्या ओळीला त्याचे डोळे भरून आले पण त्याने मात्रा सोडली नाही. मी खाकरले.

हं, आता ऐक गा नागपूरच्या पोट्ट्या, कान इकडं कर,
बिजली गेली, माग मुका, मंग हातच येते वर;
धागा तुटला तं गाठ कोन मारते, बिजली का हा हात?
माह्या आंगावर काय पुसतं, आधी आपल्या आंगाकडं पाह्य,
तुह्या आज्यानं घातलं, तुह्या मायनं घातलं, ते माह्याच हातचं हाय.

शेवटच्या ओळीला पोराने खरंच खाली स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. त्याने डफाकडे हात जोडले आणि म्हणाला, मान्य. ते मान्यही फितीत आलं आहे. कॅसेटवाला बाहेर येऊन म्हणाला, फार छान आजी, फक्त सुरुवातीचा खोकला काढून टाकतो. मी त्याला म्हटलं, खोकला काढलास तर जवाब कोणाचा राहील? तो काही समजला नाही, पण ठेवला.

बाबा, आता मला ही चिंता खाते आहे. ते शब्द कोणाचे? चुलीपुढे बसून मी त्यांच्या तोंडी जे घातलं, त्यातलं त्यांचं किती, माझं किती, हे मी कधी निवडून पाहिलं नाही. तेव्हा गरजच नव्हती, दाराबाहेर काही जात नव्हतं. आता कागदावर त्यांचं नाव आहे आणि फितीत मी आहे. त्यांच्याजवळ वेगळा जवाब असला तर? ह्याहून चांगला असला तर? कॅसेट परवाच कामठीला पाठवली. काल दिवसभर काही नाही. आज सकाळपासून काही नाही. पोराने विचारणं सोडलं आहे. बाजारात लाकडाचे बैल आले आहेत, गल्लीतली लेकरं आपापले बैल रंगवून राहिली, आणि आमच्या घरात कोणी खोकललं तरी दोघं दचकतो.

हे इथवर लिहून मी उठले होते. आता पुन्हा बसते आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

गल्लीच्या तोंडाशी ऑटो उभा राहिला. कामठीचा. मला वाटलं मुलगा स्वतःच आला असेल. मी पदर सारखा केला. कोणी उतरलं नाही. फक्त टेपचा आवाज आला, फार मोठा लावला होता, आणि आधी काय आलं, तर खोकला. दोनदा. मग हं, आता ऐक. बाबा, स्वतःचा आवाज परक्यासारखा ऐकणं फार विचित्र असतं, पण तो मला माझा वाटलाच नाही, देवाशपथ. पोरगा अनवाणी धावत गेला. ऑटोवाल्याने त्याला सांगितलं, की शाहिरांच्या घरच्यांनी दुसरी बाजू लावून कॅसेट दिली आणि म्हणाले, जाता-येता हीच वाजव, आणि नागपूरच्या त्या घरापुढे जरा थांब. मागे एक म्हातारा बसला होता, कन्हानकडचा, शाहीर गेल्याची बातमी ज्याला कोणी सांगितली नव्हती. तो पूर्ण जवाब संपेपर्यंत मान हलवत राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "कामठीचे शाहीर बरे झाले वाट्टे. आवाज खनखनीत हाय."

पोराने हे मला येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हाताऱ्याला खरं सांगितलं का, असं मी विचारलं. म्हणाला, "नाही वं. माहं तोंडच नाही उघडलं." आता तो सुतळी सोडतो आहे. गाठी सुटत नाहीत, दातांनी सोडवतो आहे, आणि मी त्याला रागावत नाही. परवाचं परवा. लोक काय म्हणतील, कामठीची बाकीची पोरं निवळली की नाही, ही धाकधूक आहेच. ती मारबतीबरोबर गेली तर गेली. पण घरच्यांना ते ऐकू आले. आता एकाच माणसाचं बाकी आहे, आणि तो तुमच्या शेजारी भिंतीला टेकून बसला आहे. त्यांना विचारा, जवाब त्यांचाच होता का. नसेल तर त्यांचा काय होता, तेवढं कळवा.

आणखी एक. ते तुम्हाला सांगतीलच, त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यांच्याआधी मीच सांगते. जवाब देताना तुमच्या डफाला मी कलगीचा गोंडा बांधला होता. अजून सोडला नाही. पोळा झाला की सोडीन असं लिहिणार होते, पण तुमच्यापुढे खोटं कशाला लिहू?

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. डफाच्या कडीत खोचून ठेवते, गोंड्याच्या मागे. रागावला असाल तर रागावून, पण लवकर लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.